सम समेखाली यायला हवी

भातखंडे पद्धतीनं लिहिलेलं बंदिशीचं पान वरवर पाहिलं तर साधं असतं. एका ओळीत तालाच्या खुणा: समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना २ आणि ३. त्याखाली किंवा वर स्वरांची ओळ, तिला धरून शब्दांची ओळ. त्रिताल असेल तर सोळा रकाने, चार-चार मात्रांचे चार विभाग, आणि दुसरं आवर्तन पहिल्याच्या बरोबर खाली. कागदावर हे एकदा छापलं की हलत नाही. फोनच्या पडद्यावर मात्र ते सारखं हलत असतं. कोणी अक्षर मोठं करतं, कोणी फोन आडवा धरतं, कोणी कणस्वर लपवतं, शिकवणारे एखादा शब्द दुरुस्त करतात. प्रत्येक वेळी सगळे रकाने पुन्हा जुळावे लागतात. ते कधी जुळवायचे, कोणी जुळवायचे आणि कोणाच्या सांगण्यावरून, हा माझ्या कामाचा विषय.

मी ग्वाल्हेरच्या लष्करमध्ये, घरी बसून हे काम करते. एका संगीतसंस्थेसाठी बनलेलं बंदिशींचं ॲप माझ्याकडे सुधारायला आलं होतं. फ्लटर या ॲप बनवायच्या चौकटीत लिहिलेलं, आधी दुसऱ्या कोणी केलेलं. स्वरलिपीचं ॲप ग्वाल्हेरातल्या मराठी घरात येऊन पडावं यात मला काही नवल वाटलं नाही. इथल्या हद्दू खाँ-हस्सू खाँ यांचं गाणं वासुदेवबुवा जोशी शिकले, त्यांच्याकडून ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेलं. शंकरराव पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ साली इथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. चार वर्षांनी, १९१८ साली, माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं आणि खुद्द भातखंड्यांच्या मार्गदर्शनानं माधव संगीत विद्यालय सुरू झालं. राजाभैया पूछवाले तिथले प्राचार्य होते. २०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. इथल्या जुन्या घरांत 'क्रमिक पुस्तक मालिके'चे भाग अजून सापडतात, समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या दुरुस्त्यांसकट. त्या दुरुस्त्यांना ॲपमध्ये जागा हवी होती. म्हणजे पान बदलता यायला हवं होतं. सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

ॲप वापरून बघायला मी ज्यांच्याकडे जायची त्या आमच्या ओळखीच्या माई. सत्तरी ओलांडलेल्या, घरीच शिकवणी घेणाऱ्या. त्यांनी एका विलंबित बंदिशीत एक दुरुस्ती केली. समेआधीच्या मुखड्यात जिथे एका मात्रेत एकच अक्षर होतं तिथे दोन अक्षरं आणि मध्ये अवग्रह घातला. रकाना रुंद झाला. त्या आवर्तनातले पुढचे सगळे रकाने उजवीकडे सरकले. वरचं आवर्तन जागच्या जागी राहिलं.

"अगं, ही सम इथे कुठे आली?" माईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही तर वरच्या दुसऱ्या मात्रेखाली गेली. मुलं काय रकाने बघून मोजतात का शब्द बघून? रकाने बघून. मग ती चुकणारच की."

दिसायला हा दोन रेघांमधला फरक होता, पण त्यामुळे मुलाची सम चुकणार होती. म्हणून मी त्याच्या मुळाशी गेले.

पडद्यावरच्या वस्तूंचं एक कुळ असतं. वडील घटक मुलांना सांगतो की तुला जास्तीत जास्त एवढी रुंदी आणि एवढी उंची. मूल त्या मर्यादेत आपला आकार ठरवून वर कळवतं. मग वडील त्याला जागा देतो. फ्लटर, अँड्रॉइड, आयफोन, संगणकावरच्या खिडक्या, सगळीकडे थोड्याफार फरकानं हाच व्यवहार चालतो. पण मांडणी झाल्यानंतर मुलाचा आकार बदलला तर? मुलानं स्वतःच आपली जागा वाढवायची नसते. शेजाऱ्याचा त्याला पत्ताच नसतो. त्यानं एवढंच सांगायचं की माझी मांडणी आता शिळी झाली. फ्लटरमध्ये या सांगण्याचं नाव मार्कनीड्सलेआउट. ही खूण वडिलांकडे, तिथून आजोबांकडे अशी चढत जाते, आणि जिथे वरच्याला खालच्या आकाराशी काही देणंघेणं नाही अशा सीमेवर थांबते. तो सीमेवरचा घटक एका यादीत जातो. पुढच्या फ्रेमच्या वेळी ती यादी उथळाकडून खोलाकडे अशी घेतली जाते आणि खरी जुळवाजुळव तेव्हा होते. सेकंदाला साठ फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. मांडणी, रंगकाम आणि बाकी सगळं त्यातच.

कळवणं वेगळं आणि करणं वेगळं, ही या रचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट आहे असं माझं मत आहे. एका घटकानं एकाच फ्रेममध्ये दहा वेळा कळवलं तरी पहिल्या वेळी खूण लागते आणि उरलेल्या नऊ वेळा काही होत नाही. काम एकदाच होतं. शिवाय ज्याला सगळ्या मुलांचे आकार माहीत आहेत तोच ते करतो.

आता माईंच्या पानाकडे. त्या ॲपमध्ये प्रत्येक आवर्तन हा स्वतंत्र कंटेनर, म्हणजे मुलांना जागा देणारा घटक होता. त्याला रुंदी पडद्याएवढी आणि उंची एका ओळीएवढी, दोन्ही पक्की ठरवून दिलेली. ज्या घटकाला आकाराची काही मोकळीकच नाही तो फ्लटरच्या दृष्टीनं आपोआप सीमा ठरतो. आत काहीही झालं तरी त्याचा आकार बदलणार नाही, मग वर कशाला कळवायचं? हिशेब म्हणून हे अगदी बरोबर आहे. रकान्यातलं अक्षर वाढलं, खूण आवर्तनापर्यंत चढली आणि तिथेच थांबली. शेजारच्या आवर्तनाला काही कळलं नाही, कळण्याची वाटच नव्हती. फ्लटर त्याला सांगितलेलं इमानानं करत होतं. त्याला सांगितलेलं नव्हतं ते हे, की त्रितालातल्या नवव्या मात्रेची रुंदी ही एका आवर्तनाची खासगी बाब नाही. ती सगळ्या आवर्तनांनी मिळून ठरते.

म्हणून आवर्तनांचे वेगळे कंटेनर मी काढून टाकले आणि अख्ख्या स्थायी-अंतऱ्यासाठी एकच कंटेनर स्वतः लिहिला. त्याची मुलं म्हणजे मात्रांचे रकाने. प्रत्येक रकाना आपल्यासोबत दोन आकडे बाळगतो: आवर्तन कितवं, मात्रा कितवी. मांडणीच्या वेळी कंटेनर आधी सगळ्या रकान्यांना मोकळी मर्यादा देऊन त्यांचे आकार विचारतो. मग पहिल्या मात्रेच्या सगळ्या रकान्यांत सर्वांत रुंद कोणता ते पाहतो, तसंच दुसऱ्या, तिसऱ्या, सोळाव्या मात्रेचं. या सोळा रुंदी ठरल्या की उरतं ते फक्त जागा देणं. अरुंद रकाना आपल्या खान्याच्या मधोमध बसतो, त्याला पुन्हा मोजावं लागत नाही.

मूल मोजताना वडिलानं आणखी एक गोष्ट सांगायची असते, आणि ती विसरली तर सगळं फसतं: तुझा आकार मी वापरणार आहे. फ्लटरमध्ये याला पेरेंटयूझेससाइझ म्हणतात. हे 'हो' म्हटलं नाही तर मूल स्वतःच सीमा बनतं आणि नंतर त्याच्यात झालेला बदल वडिलापर्यंत पोहोचतच नाही. लोकांच्या हाती गेलेल्या ॲपमध्ये पहिल्यांदा पान उघडताना सगळं नीट दिसतं. बिघाड दिसतो तो दुरुस्तीनंतर.

एकच मोठा कंटेनर म्हणजे एका अक्षरासाठी शंभरेक रकाने पुन्हा मोजायचे, हे जड नाही का होणार? मलाही आधी ती धास्ती होती. पण ज्या मुलावर खूण नाही आणि ज्याला मागच्याच मर्यादा पुन्हा मिळाल्या आहेत, ते मूल फ्लटर मोजत नाही. जुना आकार तसाच परत देतं. रकान्यांना मी नेहमी तीच मोकळी मर्यादा देते, त्यामुळे बदललेला एक रकाना खरा मोजला जातो आणि बाकीचे नुसते हजेरी देतात. उलट खान्याची ठरलेली रुंदी मर्यादा म्हणून पुन्हा खाली पाठवली असती, तर एका मात्रेतल्या फरकापायी तो अख्खा उभा रकाना परत मोजावा लागला असता.

तानांचा तक्ता मात्र मुद्दाम वेगळा ठेवला. चौगुनीच्या तानेत एका मात्रेत चार स्वर येतात, खाली कंस येतो, रकाने चांगलेच फुगतात. त्यांनी बंदिशीचे रकाने ताणू नयेत. तिथे सीमा हवीच होती. सीमा कुठे असावी हे गाण्याकडे बघून ठरवायचं असतं. आधीच्या रचनेत ती आपोआप पडली होती एवढंच.

यानंतरचं काम कंटाळवाणं होतं, पण मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कंटेनरचा प्रत्येक गुणधर्म घेऊन बसायचं आणि विचारायचं: हा बदलला तर काय शिळं होतं? ताल बदलला तर मांडणी. अक्षराचा आकार बदलला तर मांडणी. चालू मात्रेच्या रकान्याचा रंग बदलला तर नुसतं रंगकाम. त्यासाठी वेगळी खूण आहे, मार्कनीड्सपेंट. जुन्या ॲपमध्ये काही झालं की मांडणीचीच खूण लागत होती. लयीबरोबर सरकणारी एक उभी रेघ होती, ती दर फ्रेमला हलायची आणि दर फ्रेमला अख्खं पान नव्यानं मांडलं जायचं. विद्यार्थ्यांचे फोन जुने असतात. ठेका लावून पान वर ओढलं की ते अडखळायचं आणि फोन गरम व्हायचा. रेघ आता नुसती रंगवली जाते, आणि ती कुठे रंगवायची ते रकान्यांच्या ताज्या जागांवरूनच काढलं जातं, त्यामुळे मध्येच ताल बदलला तरी ती जुन्या जागी लटकत राहत नाही.

याच्या उलट गोष्ट मंद्र आणि तार सप्तकाच्या टिंबांची. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ यांना देवनागरीच्या वैदिक चिन्हांमधून काम भागवता येतं. टिंबांचं तसं नाही. 'म'वर टिंब म्हणून अनुस्वार दिला तर तो 'मं' होतो, खाली नुक्ता दिला तर अक्षरच वेगळं समजलं जातं. म्हणून टिंबं वेगळी रंगवावी लागतात. रंगवली जातात म्हणून ती रंगकामाची बाब आहे असं वाटू शकतं. पण टिंबाला उंची लागते. ती मोजली नाही तर मंद्र पंचमाचं टिंब खालच्या शब्दाच्या शिरोरेघेवर जाऊन बसतं, आणि विद्यार्थी त्या शब्दावर अनुस्वार वाचतो. टिंबं दाखवा-लपवाचं बटण दाबलं की मांडणीची खूण लागलीच पाहिजे.

रकान्याजवळचे ते दोन आकडे, आवर्तन आणि मात्रा, यांची गंमत वेगळी आहे. एखादा शब्द पाचव्या मात्रेवरून सहाव्यावर नेला तर त्या रकान्याच्या आत काहीच बदलत नाही. त्याचा आकार तोच. शिळी होते ती वडिलाची मांडणी. तेव्हा खूण मुलावर लावून उपयोग नाही, ती थेट वडिलावर लावावी लागते. आणि नवी किंमत जुनीएवढीच असेल तर कोणावरच लावायची नाही. ही तुलना किंमत बदलणाऱ्या प्रत्येक सेटरच्या पहिल्या ओळीत हवी.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते पान मावत नसेल तेव्हाच्या प्रश्नानं. उभ्या फोनवर तिलवाड्याच्या सोळा मात्रा वाचण्याजोग्या अक्षरात मावत नाहीत. आधीच्या ॲपमध्ये उपाय असा होता: मांडणी होऊ द्यायची, रुंदी जास्त झालीय असं दिसलं की अक्षर बारीक करायचं आणि पुन्हा मांडणी मागायची. मांडणी चालू असतानाच नवी मांडणी मागायला फ्लटर बंदी करतं, तपासणीच्या वेळी सरळ चूक दाखवून थांबतं. मग ती मागणी पुढच्या फ्रेमवर ढकलली होती. परिणाम असा की क्षणभर चुकीचं पान चमकून जायचं आणि मग बरोबर यायचं. त्याहून वाईट, काही बंदिशींत अक्षर बारीक केलं की जागा उरायची, जागा उरली म्हणून ते मोठं व्हायचं, मोठं झालं की मावायचं नाही. पान थरथरत राहायचं.

किती रुंदी मिळणार हे कंटेनरला मांडणीच्या सुरुवातीलाच कळलेलं असतं. रकान्यांचे आकार त्यानं स्वतःच विचारलेले असतात. मग निर्णय त्याच बैठकीत, तिथल्या तिथे घ्यायचा. बाहेर जाऊन पुन्हा अर्ज करायचं कारण नाही. आणि अक्षर बारीक करायचंच कशाला? मी माईंना विचारलं, ओळ तोडायची तर कुठे तोडू?

"खालीवर तोड," त्या लगेच म्हणाल्या. "त्रिताल-तिलवाड्यात नवव्या मात्रेवर. झपतालात सहाव्यावर. एकतालात सातव्यावर. गाणाऱ्याचा श्वास तिथे बसतो. मध्येच विभाग फोडू नकोस, काही झालं तरी."

"आणि रूपक?"

"रूपक सात मात्रांचा, त्यात काय तोडायचं? त्याला जागा दे."

तेच केलं. मावलं तर पूर्ण आवर्तन, नाही तर खालीवर तोडून दोन ओळी, तरीही नाही तर विभागवार. झूमऱ्याचे चौदा सात-सात होतात. रूपक आडवा सरकवावा लागला तरी चालेल, पण तुटत नाही. अक्षर वाचणाऱ्यानं निवडलेल्या आकाराचंच राहतं. माईंच्या वयाची माणसं फोनमधलं अक्षर कमाल मोठं ठेवतात, आणि अँड्रॉइड १४ पासून ते २०० टक्क्यांपर्यंत नेता येतं. त्यांनी मागितलेलं अक्षर आपल्या सोयीसाठी बारीक करणं मला अपमानाचं वाटतं.

फाँटचंही लिहिलं पाहिजे, कारण देवनागरीत तो सारखा आडवा येतो. पान उघडतं तेव्हा कधीकधी हवा तो फाँट अजून चढलेला नसतो. फोन आपल्या फाँटमध्ये मजकूर मोजून मोकळा होतो. मग खरा फाँट येतो, जोडाक्षरांच्या रुंदी बदलतात, आणि आपल्या कंटेनरमध्ये काहीच बदललेलं नसतं. फ्लटरचे स्वतःचे मजकुराचे घटक अशा वेळी ऐकून असतात, फाँट बदलल्याची वर्दी आली की स्वतःवर खूण लावतात. आपण मजकूर स्वतः रंगवत असू तर ती वर्दी आपणच ऐकायला हवी. तशी सोय तयार दिलेली आहे, ती जोडून घ्यायची असते.

हे दुखणं फ्लटरपुरतं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस युनिक्सवरच्या एक्स विंडोसाठी जे टूलकिट आलं, त्यात मूल वडिलाकडे आकाराचा अर्ज करायचं आणि त्याला तीन उत्तरं मिळू शकत: हो, नाही, आणि 'जवळजवळ'. जवळजवळ म्हणजे एवढा नाही, पण एवढा देतो, चालेल का बघ. मला हा व्यवहार फार आवडतो. त्यात दोघांचाही मान राहतो. पुढे जावाच्या स्विंगमध्ये रीव्हॅलिडेट आलं, अँड्रॉइडमध्ये रिक्वेस्टलेआउट, आयफोनवर सेटनीड्सलेआउट, क्यूटीमध्ये अपडेटजॉमेट्री, गोडो या खेळ बनवायच्या इंजिनात क्यूसॉर्ट. या नंतरच्या सगळ्यांचा गाभा एकच: आत्ता करू नकोस, कळवून ठेव. वेबवर हा शिरस्ता मोडणं सोपं आहे. एकीकडे आकार बदलत आणि दुसरीकडे लगेच आकार विचारत गेलं की ब्राउझरला दर प्रश्नाला जागच्या जागी मांडणी करावी लागते आणि पान रखडतं.

माईंनी ती जुनी बंदिश पुन्हा उघडली, तीच दुरुस्ती पुन्हा केली, मग मुद्दाम काढून टाकली, मग आणखी लांब शब्द घातला. सगळी आवर्तनं एकदम सरकली आणि एकदम मागे आली. त्यांनी फक्त समेची फुली बघितली आणि पुढची बंदिश काढली.

देवनागरी स्वरलिपीसाठी, किंवा रकाने जुळायला हवेत अशा कोणत्याही मराठी मजकुरासाठी ॲप लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिल्यांदा उघडलेलं पान नीट दिसलं म्हणून काम संपवू नका. मधल्याच एका मात्रेत जोडाक्षर घाला, अक्षर दुप्पट करा, ताल बदला, फोन आडवा करा, ठेका चालू ठेवून हे सगळं पुन्हा करा. आणि प्रत्येक वेळी सर्वांत खालच्या आवर्तनाची सम पहिल्या समेखाली आहे का, एवढं बघा.